शनिवारपर्यंत आयुष्याचं ध्येय जमा करा

हे बघ भावा, आपल्या नाशिकच्या कॉलेजात "स्वतःचा शोध" शिबिर लागलंय म्हणून टेन्शन घेऊ नको, दोनच दिवसांचं असतं आणि वर जेवण फुकट. दुसऱ्या दिवशी एक फॉर्म मिळतो, त्यात "तुमची जीवनमूल्ये (कोणतीही तीन)" आणि खाली तीन रेघा. विचारबिचार करत बसू नको, शेजारच्याचं बघून लिही. आमच्या वर्गात एकाने "प्रामाणीकपणा" लिहिलं, णी दीर्घ, आणि मागच्या ६२ जणांचा णी दीर्घच निघाला. प्रामाणिकपणा कॉपी मारून आलाय हे सरांनापण कळलं असणार, पण सोमवारी कॉलेज तपासायला नॅकची कमिटी येणार होती.

ध्येयाच्या रकान्यात "एमपीएससी किंवा आयटी" टाक, घरी ते आधीच ठरलंय, तुला सांगायचं तेवढं राहिलंय. दादासाहेब फाळक्यांसारखं मात्र करू नको. आपल्या त्र्यंबकचाच माणूस, फोटोग्राफी झाली, जादूचे प्रयोग झाले, छापखाना झाला आणि १९१३ ला पहिला सिनेमा लागला तेव्हा वय ४३. असा बायोडाटा घेऊन इंटरव्ह्यूला गेला असता तर पाणीपण विचारलं नसतं कोणी.

श्रद्धेचं तर एकदम सोपंय. विषय राहून केटी लागली की नवश्या गणपती, सुटली की कॉलेज रोडला पार्टी, मधल्या काळात नास्तिक राहिलास तरी चालतं. शिबिराची ट्रिप काळारामाला नेतात, तिथे ग्रुप फोटो काढ आणि निघ, दारापाशी रेंगाळू नको. कारण तिथेच २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, पाच वर्षं चालला, देवळाचं दार काही उघडलं नाही, मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि तरी धम्मदीक्षा घेतली १९५६ ला! मधली २१ वर्षं विचार आणि अभ्यास. आपल्याला पाऊण तास मिळतो, त्यात चहा पण असतो.

आणि खरं बिरं लिहायला तर अजिबात जाऊ नको. आमच्यातल्या एकीने तिन्ही रेघा मिळून लिहिलं होतं, "अजून कळलेलं नाही, शोधतेय." सरांनी फॉर्म परत दिला, म्हणे अगं, फाईलला काय लावू मी? तिने व्हाइटनर मागून आणला, वाळेपर्यंत फुंकर मारत बसली आणि मग शेजारणीच्या कागदात डोकावून लिहिलं. णी दीर्घ.