विदिनला कोणी उतरत नाही

बल्गेरियाच्या वायव्य टोकाला, डॅन्यूबच्या काठावर विदिन आहे. "तिथे काय बघणार?" हे मला राजधानी सोफियातल्याच लोकांनी विचारलं होतं. २०१३ मध्ये नदीवर रोमानियातल्या कालाफातला जोडणारा पूल झाला. पूर्वी फेरीबोटीसाठी तरी थांबावं लागायचं, आता गाड्या परस्पर निघून जातात. युरोपीय संघातल्या सगळ्यात गरीब भागांत या पट्ट्याचं नाव येतं आणि तरुण पोरं केव्हाच बाहेर पडली आहेत. एवढं ऐकून लोक विदिन यादीतून काढून टाकतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

इथे 'बाबा विदा' नावाचा किल्ला आहे. बल्गेरियनमध्ये बाबा म्हणजे आजी! मी राहिले त्या घरात नात "बाबो!" अशी हाक मारत आली, तेव्हा मी दचकलेच. बल्गेरियात मध्ययुगीन गढ्या पुष्कळ, पण बहुतेकांचे अवशेषच उरलेत. ही मात्र तटाबुरुजांसकट उभी आहे. रोमन बोनोनियाच्या पायावर ती चढली. १३९६ मध्ये तुर्कांनी विदिनच्या त्सार (राजा) इव्हान स्रात्सिमिरचं राज्य संपवलं, पुढे इथे शस्त्रं ठेवली, कैदी डांबले. तटावरून खाली बघितलं की खंदक आणि लगेच नदी.

मग पाझवानतोलूची मशीद बघा. १८०० च्या आसपास उस्मान पाझवानतोलू या विदिनच्या सत्ताधीशाने तुर्की सुलतानाशीच वैर धरलं, आणि सुलतानाच्या फौजेला विदिन घेता आलं नाही. त्याच्या मशिदीच्या टोकावर चंद्रकोर नाही, पत्त्यातल्या बदामासारखा आकार आहे. मी मान वर करून कितीतरी वेळ तो बघत होते.

पण माझा जीव अडकला तो सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात. १८९४ ची इमारत, सोफियाच्या खालोखाल देशात सगळ्यात मोठी. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. ऐंशीच्या दशकात सुरू झालेली दुरुस्ती कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर अर्धवट राहिली आणि इमारत बिनछपराची पडून राहिली, आत झाडं वाढली. २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली, सांस्कृतिक केंद्र म्हणून, आणि नाव दिलं ज्यूल पास्कीनचं. पॅरिसमध्ये नाव कमावलेला हा चित्रकार १८८५ मध्ये विदिनलाच जन्मला. जिथे माणसंच उरली नाहीत, तिथे कोणीतरी त्यांचं घर पुन्हा शाकारलं. याला "बघण्यासारखं काही नाही" म्हणायचं?

टूरवाल्यांनो, सोफिया आणि रिला मठ दाखवून परत फिरू नका. एक रात्र विदिनला द्या. कोणी स्वतःहून जाणार असेल तर मला मेसेज करा, ट्रेनचं आणि राहण्याचं सगळं सांगेन.