आम्ही हल्ले, म्हणजे नेमके कोण

आमचं आडनाव हल्ले. सोलापुरात कुठंही नाव सांगितलं की समोरचा "कुठं हल्ला करायला निघालाव बे?" म्हणून स्वतःच हसतो, आपण पण हसायचं, विषय संपला. पण आमच्या थोरल्या काकांना ते ऐकून छाती फुगवावीशी वाटायची. त्यांचं म्हणणं असं की आपला मूळपुरुष पेशव्यांच्या फौजेत सगळ्यात पुढं असायचा, हल्ला करा म्हणलं की हाच पहिला, म्हणून हल्ले. पुरावा विचारला की काका मिशीवरून हात फिरवायचे, तोच पुरावा.

रिटायर झाल्यावर काकांनी ठरवलं की वंशावळ छापायची, फ्रेम करून घराघरात द्यायची, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सगळं खानदान जमतं तेव्हा उद्घाटन. योजना काकांची, स्कूटर माझी.

सुरुवात रेकॉर्ड रूमपासून. तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले (सकाळचे साडेअकरा), दुसऱ्यांदा किल्ली साहेबांकडं आणि साहेब मिटिंगला, तिसऱ्यांदा एकदाचं कोतवाल बुक हातात आलं, म्हणजे गाव नमुना 14, पूर्वी गावातले जन्म-मृत्यू लिहायचे ते. आनंदानं उघडलं तर सगळं मोडीत! आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं वाळत घातल्यासारखी टांगत जायचं, हात न उचलता, आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. मला तर रांगोळीचे ठिपके चुकल्यासारखं दिसत होतं. 2023 ला कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, आम्हाला एक रिटायर गुरुजी भेटले, दोन चहा आणि चटणी-पाव यावर तयार झाले.

गुरुजींनी भिंग लावलं आणि वाचलं, "सिद्राम बिन मल्लप्पा."

काका हबकले. "बिन मल्लप्पा? म्हणजे मल्लप्पा सोडून गेला का काय?"

"ओ, बिन म्हणजे मुलगा. मल्लप्पाचा मुलगा सिद्राम."

"आणि आडनाव?"

"नाही."

पुढं पण नाही, मागं पण नाही. कुणाचंच आडनाव नाही, सगळे एकमेकांचे बिन. गुरुजी म्हणाले गावात तेव्हा आडनाव लागतंय कुणाला, बापाचं नाव सांगितलं की पुरे. आमचं आडनाव कागदावर पहिल्यांदा दिसलं ते आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. तिथं मास्तरांनी 'हल्ले' लिहून ठेवलंय, का लिहिलं ते मास्तरांनाच माहीत. काका म्हणाले बघ, मास्तरांना इतिहास माहीत होता.

मग गावाकडनं चुलतभावाचा फोन. आमचं मूळ गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, पलीकडं कर्नाटक. "हेळवी आलाय, या लवकर." हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी माणसं, काही वर्षांनी एकदा येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, हे टेम्पोतनं आले होते. आम्ही गेलो तर ओसरीवर घोंगडं टाकलेलं, पुढ्यात सुपात ज्वारी, आणि एवढी जाड वही, कडा तेलकट झालेल्या. आमच्या घरची चौदा माणसं भोवती कोंडाळं करून बसली. सगळ्यांच्या हातात कडक भाकरी आणि शेंगा चटणी, कारण चुलतवहिनी पाहुण्याला तेवढ्याशिवाय सोडत नाही. हेळव्यानं सुरात वाचायला सुरुवात केली, सिद्राम, त्याचा बाप मल्लप्पा, त्याचा बाप गुरप्पा, असा एकेक पिढी मागं जात जात आठव्याला थांबला. बोट ठेवलं. "हल्लप्पा. इथनं तुमचं घराणं."

काका ताडकन उठले. "बघितलंस बे! हल्ला!"

"हल्ला नव्हं ओ काका. हल्लु." हेळव्यानं स्वतःच्या पुढच्या दातावर बोटानं टक्क करून वाजवलं. "कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात. ह्या माणसाचे दात पुढं होते. लई पुढं."

ओसरीवर चौदा तोंडं एकदम बंद झाली. मी हळूच इकडंतिकडं बघितलं. काका, चुलतभाऊ, आत्या, आत्याची नात, झाडून सगळ्यांचे पुढचे दात ओठाबाहेर डोकावणारे. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी कडक, लोक ती हातानं मोडतात, आम्ही पिढ्यानपिढ्या थेट पुढच्या दातांनी कटकन तोडत आलोय आणि याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथं आम्ही आडनावातनंच दात दाखवत फिरत होतो.

घरी येऊन शेजारच्या मावशींना सांगितलं, त्यांचं माहेर अक्कलकोटचं, घरी कन्नड बोलतात. त्या शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हाला माहीत नव्हतं? आम्ही तर पहिल्यापासनं दातवाल्यांचं घर म्हणतोय." चाळीस वर्षांपासूनची शेजारीण हो ही!

पण हे नंतरचं. त्या दिवशी ओसरीवर काका मात्र एवढ्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी हेळव्याला विचारलं, "पण लढाईत शत्रूला चावला वगैरे असेल की तो?" हेळवी भला माणूस. म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. आमचंच बघा, हेळव म्हणजे लंगडा. आम्ही काय लपवतोय का?" काकांनी त्याच्या पायाकडं बघितलं, मग स्वतःचा ओठ खाली ओढून दात झाकायचा प्रयत्न केला, ते काय झाकले नाहीत.

ज्वारी, धोतरजोडी आणि पाचशे रुपये घेतल्यावर नवीन पिढीची नावं चढवायची वेळ आली. मी पोरीला पुढं केलं, म्हणलं हिचं पण लिहा. तिच्या दातांना गेल्याच वर्षी तारा बसवल्यात, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. हेळव्यानं पेन वहीवर टेकवलं, तिच्या तोंडाकडं बघितलं, परत वहीकडं बघितलं, आणि मला अगदी अदबीनं विचारलं,

"साहेब, तारा काढल्यावर हिचं आडनाव काय लिहायचं?"