ड्रेसचं सोडा, ट्रिपचं बोला
‘ड्रेस भाड्याने घेतला की ब्राइड्समेडचा निम्मा खर्च वाचतो’ हे ब्राइड्समेडच्या (लग्नात नवरीसोबत उभ्या राहणाऱ्या मैत्रिणीच्या) खर्चावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नात मी ब्राइड्समेड होते. अमेरिकेत ड्रेसचे पैसे बहुधा आपणच भरायचे, हे मला हो म्हटल्यावर कळलं! (ब्रिटनमध्ये हा खर्च सहसा नवरीकडचे करतात.) ड्रेस १३० डॉलरचा, तो आखूड करून कमरेत घ्यायला आणखी ८०. तरी ते किरकोळच. खरा खड्डा पाडला नॅशव्हिल शहरातल्या बॅचलरेट ट्रिपने, म्हणजे लग्नाआधी नवरीबरोबर मैत्रिणींनी करायच्या सहलीने. विमान, तीन रात्रींचं घर, वर नवरीचा वाटाही आम्ही पाच जणींनी वाटून घ्यायचा. त्यावर लेखात एक ओळ नाही.

पुढच्या वेळी दुसऱ्या मैत्रिणीने विचारलं, तेव्हा आधीच सांगून टाकलं: लग्नाला नक्की, ट्रिपला नाही, आणि शॉवर (लग्नाआधी नवरीला भेटी देण्याचा समारंभ) व लग्न मिळून भेट एकच. ती रुसली नाही. उलट तिने फक्त गडद हिरवा रंग ठरवून दिला, घरातलाच गाऊन चालून गेला. आमच्याकडे करवलीला उलट साडी मिळते म्हटल्यावर मात्र ती जरा वरमली.