पाते युरोपातले, म्हणून तलवार परकी?

नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. राज्य सरकारने 2025 साली लंडनच्या लिलावात घेतलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार मराठ्यांची नाहीच. पाते युरोपातले, वजन खेळण्याएवढे, आणि काचेत ठेवलेले शस्त्र म्हणजे मेलेले लोखंड, त्यावर 47 लाख उधळले, असा त्याचा सूर.

पाते युरोपातले आहे, कबूल. ते कोणी लपवलेले नाही. पात्यावरच सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असे लिहिले आहे; फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवार. खुद्द मालकाला जे मिरवावेसे वाटले, त्याची आपण लाज का बाळगायची? पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत युरोपी पाती उतरत. त्यांतली लांब, सरळ पाती मराठे घेत, कारण घोड्यावरून वार दूरवर पोचतो. मग इथला कारागीर त्यावर आपली मूठ चढवी. या तलवारीच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी आहे: लोखंडावर बारीक उभ्याआडव्या रेघा ओरखडायच्या, त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची आणि घोटून एकजीव करायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खंडेनवमीला जर्मन, जपानी मशीनला झेंडूचा हार घालतातच ना? ती पूजा कोणाला परकी वाटत नाही.

वजनाचे म्हणाल, तर लढाईची तलवार साधारण किलो-सव्वा किलोचीच असते. वीस-तीस किलोची तलवार घोड्यावरून चालवायची कशी, हे तो मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे.

राहिले मेलेले लोखंड. सेनासाहेबसुभा हा किताब शाहू छत्रपतींच्या दरबाराचा. तो मिरवणाऱ्या रघुजींच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या आणि 1751 साली ओडिशा मराठ्यांकडे आला. तिसरी-चौथीतले पोरही वाचील अशा अक्षरांत हे नाव तलवारीवर आहे. ते काचेआड ठेवले तरच टिकेल; दरवर्षीच्या हळदकुंकवाने आणि ओल्या हातांनी पाते गंजते, सोने सुटते. घरात जुनी शस्त्रे असणाऱ्यांनी तरी हे जरूर ध्यानात घ्यावे.

पैशांचे बोलू. 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसले इंग्रजांकडून हरले, 1854 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नागपूर खालसा केले आणि राजवाड्यातले जडजवाहीर लिलावात विकून टाकले. त्या घराण्याचे नाव कोरलेली तलवार पुन्हा लिलावात आली, तेव्हा आपण हात आखडता घ्यायचा होता का?