पिट्सबर्गला दोन दिवस आणि पुण्याचं भांडण

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी नदी पेटते. नदी म्हणजे अर्थातच मुठा. एक मित्र काठ बांधून काढणाऱ्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा कट्टर समर्थक, अहमदाबादच्या साबरमतीकाठचे ड्रोनवाले व्हिडिओ टाकणारा. एक मैत्रीण त्यात जाणारी झाडं वाचवा म्हणून मोर्च्यात चालून आलेली. बाकी आम्ही सगळे कट्ट्यावर बसून मजा बघणारे. २०२५ च्या जूनमध्ये मात्र जरा जास्तच झालं, कारण १५ तारखेला पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार जण गेले, आणि मग पूल, नदी, पर्यटक, सेल्फी, प्रशासन असं सगळं एकाच पातेल्यात शिजायला लागलं. असं भांडण रंगात आलं की कुणीतरी मला टॅग करून विचारतंच, "तुमच्या अमेरिकेत असं होतं का गं?" गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या विचारतात. समर्थकाला ऐकायचं असतं की तिकडे नदीकाठ कसले भारी असतात, आणि मैत्रिणीला ऐकायचं असतं की तिकडे आधी पाणी साफ करतात आणि मग बाकडी टाकतात. मी दोघांनाही अंगठा दाखवते आणि भांडी घासायला जाते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी आम्ही पिट्सबर्गला गेलो. मी २००६ ते २००८ तिथे एमएस केलं आणि डिग्री हातात पडल्यावर जी न्यू जर्सीला आले ती परत फिरकलेच नाही. साडेपाच तासांचं तर अंतर. पण आधी व्हिसाचं टेन्शन, मग लेक झाली, मग घराचे हप्ते, आणि जरा कुठे सुट्टी जमली की तिकीट पुण्याचं. यावेळी लेकीचा वीकेंड मोकळा होता, नवऱ्याने कधी ते गाव बघितलं नव्हतं (तो म्हणतो तुझ्या गोष्टी ऐकूनच माझा एमएस झाला), म्हटलं चला.

पेन्सिल्व्हेनिया टर्नपाईकवर चार बोगदे लागतात आणि टोल असा की एक्स्प्रेसवेच्या टोलवरून दर दिवाळीला चिडणाऱ्या आमच्या काकांना एकदा इथून फिरवून आणायला हवं. मनरोव्हिलवरून आत वळलं की पेन हिल्सच्या टेकडीवर व्यंकटेश्वराचं पांढरं मंदिर दिसतं. आमच्या वेळी तिथे जाण्यामागे भक्ती किती आणि खालच्या कॅन्टीनचा दहीभात किती हे देवालाच ठाऊक. स्क्विरल हिलच्या बोगद्यात शिरायच्या आधीच सगळे ब्रेक मारतात, का मारतात ते कुणालाच माहीत नाही. खंबाटकीला निदान घाट तरी आहे.

आम्ही बोगद्याच्या अलीकडेच उतरलो, कारण मला आधी घर बघायचं होतं. घर म्हणजे रीजंट स्क्वेअरमधलं बेसमेंट, तिघीजणी, एक खिडकी, तीही अशी की जाणाऱ्याचे फक्त बूट दिसायचे. घरमालकाने निघताना डिपॉझिटमधले तीनशे डॉलर भिंतीवर हळदीचे डाग आहेत म्हणून खाल्ले. डाग होते, खोटं कशाला बोलू. घर तसंच आहे, दाराला रंग नवीन. आणि घरासमोर रस्त्यावर चक्क एक स्वयंपाकघरातली खुर्ची! ही पिट्सबर्गची पार्किंग चेअर. बर्फ उपसून गाडीची जागा साफ केली की तिथे जुनी खुर्ची ठेवायची, मग ती जागा तुमची, कायद्यात कुठेही नाही पण खुर्ची हलवायची कुणाची टाप नाही. आता ऐन उन्हाळ्यात कसला बर्फ, पण खुर्ची आपली आहेच. आपल्याकडे "गेटसमोर वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल" असं लिहावं तरी लागतं, हे लोक एका शब्दाशिवाय तेच सांगतात. सदाशिव पेठेतल्या माणसाला इथे आठवड्यात करमेल.

तिथून फोर्ब्स अव्हेन्यूला वळलं की लगेच फर्न हॉलो पूल. खाली फ्रिक पार्कची दाट झाडीची दरी. दोन वर्षं रोज जाता-येता ६१ए नाहीतर ६१बी बसने मी या पुलावरून गेले, कॉलेजच्या कार्डावर बस फुकट, खिडकीला डोकं टेकून झोपलेली. तोच पूल २८ जानेवारी २०२२ ला पहाटे अख्खाच्या अख्खा दरीत बसला. वर ६१बीच होती. माणसं जखमी झाली, पण नशीब थोर की इतक्या सकाळी गर्दी नव्हती, जीव कुणाचा गेला नाही. त्याच दिवशी बायडन पिट्सबर्गला यायचे होते आणि भाषणाचा विषय होता पायाभूत सुविधा. म्हणजे कुणी नाटकात असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की जरा जास्तच झालं.

मला तेव्हा धक्का बसला होता, पण खरं काय घडलं ते मी या ट्रिपच्या निमित्ताने वाचलं. पार्कात बाकावर बसून, फोनवर, लेक खाली ओढ्यात दगड मारत होती तेव्हा. तो पूल २०११ पासून कागदोपत्री "पुअर" होता. दर तपासणीत लिहिलं जात होतं की पायांपाशी गंज चढतोय. २०१८ मध्ये एका नागरिकाने खालून फोटो काढून ट्विटरवर शहराच्या ३११ हेल्पलाईनला टाकला होता, एक आडवा दांडा गंजून आरपार तुटलेला. पुलाचं स्टील असं होतं की वरचा गंजाचा पातळ थरच आतल्या लोखंडाला सांभाळतो, पण त्यासाठी ते मधूनमधून वाळावं लागतं. इथे पाणी जायची भोकं पाचोळ्याने बुजलेली, पाणी पायांवर साचत राहिलं, पाय सडले. केंद्राच्या तपास संस्थेचा रिपोर्ट २०२४ मध्ये आला, त्यात सरळ लिहिलंय की वर्षानुवर्षं सांगूनही शहराने काही केलं नाही. पाचोळा काढायला काय लागतं हो? एक माणूस आणि एक फावडं.

कुंडमळ्याला पण पूल धोकादायक आहे अशी पाटी होतीच की.

तेव्हा ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर, होतं बाबांनो, अगदी असंच होतं. नवीन पूल त्याच वर्षी डिसेंबरात उभा राहिला हे खरं, रुंद आहे, चालायला छान जागा आहे. लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ ब्रिज." बरोबर आहे तिचं. पण मला एका गोष्टीचा हेवा वाटला. वेगाने बांधला याचा नाही, तर तिथल्या दांड्यांचे सडलेले फोटो, कुठल्या वर्षी कोणी काय लिहिलं होतं, हे सगळं मला, म्हणजे ज्या गावची मी मतदारसुद्धा नाही त्या गावचं, बाकावर बसून दहा मिनिटांत वाचायला मिळालं. पुण्यात एवढ्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा आणि मग वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी नदी. पिट्सबर्गला तीन आहेत, अलेगेनी आणि मनाँगहेला मिळून ओहायो होते, आपल्या संगमासारखंच पण कितीतरी रुंद. रात्री धो धो पाऊस झाला होता आणि सकाळी लख्ख ऊन. आम्हाला पिवळ्या पुलाखालून कायाक करायची होती. काठावर गेलो तर धक्क्यावर एक केशरी झेंडा फडफडतोय. नवरा म्हणाला, "अगं, इथल्या मराठी मंडळाचं काही आहे का आज?" मलाही क्षणभर तसंच वाटलं! जवळ जाऊन बघितलं तर त्यावर तीन अक्षरं, सीएसओ. कायाक देणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, रात्री पाऊस झाला ना, गटारं वाहिलीयत नदीत. जायला बंदी नाही, पण पाणी तोंडात जाऊ देऊ नका, कुठे कापलं-खरचटलं असेल तर जपा, आल्यावर हात धुवा. हे सगळं तो हवामान सांगावं तसं सांगत होता.

सीएसओ म्हणजे कम्बाइन्ड सुअर ओव्हरफ्लो. प्रकार असा की इथल्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून जातात. कोरड्या दिवशी ते शुद्धीकरण केंद्रात पोचतं, थोडा जरी पाऊस झाला की नळ तुंबतात आणि जास्तीचं सगळं थेट नदीत. वर्षाला साधारण ९ अब्ज गॅलन. २००८ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारबरोबर कोर्टातून करार झाला, तेव्हा मी तिथेच होते आणि मला याचा पत्ताही नव्हता. आता २ अब्ज डॉलरची योजना २०३६ पर्यंत चालणार आहे. म्हणजे काठावरचं पॉईंट पार्क १९७४ मध्ये पूर्ण झालं, कारंजं उडालं, पुढे सायकल ट्रॅक आले, स्टेडियम आली, आणि गटाराचं काम अजून चालूच. आधी बाकडी आणि मग पाणी! साबरमतीवाल्याला हे कळलं तर तो पेढे वाटेल.

पण त्याने थांबावं जरा. पिट्सबर्गच्या नद्या पूर्वीपेक्षा बऱ्याच साफ झाल्या त्यात कायद्यांचा हात आहेच, पण काठावरचे पोलादाचे कारखाने बंद पडले याचाही आहे. होमस्टेडचा कारखाना १९८६ ला बंद झाला, आता तिथे मॉल आहे, आम्ही ६१डी पकडून तिथे सिनेमाला जायचो, आणि पार्किंगच्या कडेला त्या कारखान्याच्या बारा चिमण्या अजून उभ्या आहेत. १९५० मध्ये या शहरात पावणेसात लाख माणसं होती, २०२० मध्ये तीन लाख. निम्म्याहून जास्त गाव उठून गेलं, तेव्हा काठ मोकळे झाले. पुणे २०११ लाच ३१ लाखांवर होतं. आपल्याकडे नदीला मोकळी जागा कोण देणार आहे? आपण तर ४४ किलोमीटरचे काठ बांधून तिची आहे ती जागा आवळायला निघालोय. आणि जायका या जपानी संस्थेच्या पैशातली ती ११ शुद्धीकरण केंद्रं, ज्यांचा करार २०१६ चा, त्यांचं गाणं अजून चालूच आहे. पाणी कुठून जातं हे मुठेला माहीत आहे, १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तिने दाखवलंय. पिट्सबर्गलाही १९३६ चा महापूर आठवतो, आणि नदीला खेटून त्यांच्या पार्कवे नावाच्या हायवेचा एक तुकडा आहे त्याला लोक "बाथटब" म्हणतात कारण नदी चढली की तो बुडतो. आपला नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल, दुसरं काय. फक्त इथे त्याला कुणी विकास म्हणत नाही, टिंगल करतात.

तर मी मैत्रिणीच्या बाजूची. पण अमेरिकेचं सर्टिफिकेट मागू नका, इथे अमेरिकेने काही शहाणपणा केलेला नाही. मला हवाय तो फक्त झेंडा. जुलै २०२४ ला पुण्यात मुठेकाठच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले ते घरात पाणी बघून, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की धरणातून पाणी सोडल्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हात्रे पुलावर आपण लहानपणी नाक दाबून जायचो, तेवढीच काय ती आपली सूचना यंत्रणा. भिडे पुलावर, संगमावर, बंडगार्डनला आज पाण्यात काय आहे आणि किती चढणार आहे हे सांगणारा एक कापडाचा तुकडा लावायला किती खर्च येतो?

कायाक केली आम्ही शेवटी. तोंड घट्ट मिटून तिघंही, त्यामुळे पहिल्यांदाच आमच्या घरच्या ट्रिपमध्ये तासभर कुणी भांडलं नाही.

परतताना ब्रीझवूडच्या आसपास रेस्ट एरियात थांबलो तेव्हा मी त्या झेंड्याचा फोटो ग्रुपवर टाकला, काहीच न लिहिता. दोन मिनिटांत साबरमतीवाल्याचं उत्तर, "जय शिवराय! तिकडेही?" मग मी सगळं सविस्तर लिहिलं, गटार, पाऊस, ९ अब्ज गॅलन, २०३६, पूल, पाचोळा. निळ्या खुणा पटापट आल्या. बराच वेळ कुणी काहीच बोललं नाही, आणि मग भारतात सकाळ झाल्यावर एकाने सूर्यफुलाचं चित्र टाकलं, शुभ सकाळ.