धूमकेतूची मोजणी

२०२५ची दिवाळी. काल पाडवा. घरोघरचे नवरे पाटावर बसून ओवाळून घेत होते, तेव्हा मी सासवडच्या पुढे एका माळावर गुडघे टेकून ध्रुवतारा शोधत होतो. आपल्याकडे तो जेमतेम अठरा अंश वर, म्हणजे नेमका बाभळीमागे. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर त्याच्याशी जुळवला नाही, तर तीस सेकंदांच्या फोटोत ताऱ्यांची शेव पडते.

लेमन धूमकेतू परवाच पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येऊन गेला. पुन्हा येईल तो हजारेक वर्षांनी. पाडवा दरवर्षी येतो, हे मी घरी बोलून बसलो. असो. अंधार पडल्यापासून तो मावळेपर्यंत हातात पाऊण तास.

बारा फोटो झाले आणि तेराव्यात बॅटरीचा झोत घुसला.

"कुणाचं हाय हे मशीन?"

"मामा, बॅटरी बंद करा ना."

"का? अंधारात खुंट्या ठोकणार व्हय?"

आता पुरंदरात विमानतळाच्या जमिनीसाठी ड्रोनने मोजणी करायला आले, तेव्हा मे महिन्यात केवढा राडा झाला होता. तिथे रात्री तिपाई रोवणारा माणूस कोण वाटणार? मामांचं चुकलं नाही. माझी सात मिनिटं गेली, एवढंच.

"धूमकेतूचे फोटो काढतोय."

"नाव काय त्याचं?"

"लेमन."

"लिंबू?" मामांचा आवाज एकदम खाली आला. "काल आमुशा, आज माळावर लिंबू. साहेब, खरं सांगा. आमच्या थोरल्यानं पाठवलंय का तुमाला?"

मग मी, धूमकेतू मावळत असताना, ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरची दुर्बीण समजावली. जानेवारीत तिथून सापडला म्हणून हे नाव. डोंगराला नाव सारा लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं. लिंबाचा संबंध नाही, आडनाव आहे, आपल्याकडे निंबाळकर असतात तसं.

"किती लांब हाय?"

"नऊ कोटी किलोमीटर."

"कुणी मोजलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"म्हंजे मोजणीच की!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

"नऊ कोटी किलोमीटर मोजत्यात, आन् माझा बांध वरीस झालं कुणी मोजंना. थोरल्यानं दोन हात आत घेतलाय. पैसं भरलेत. पावती दावू?"

नको म्हणेपर्यंत पावती बाहेर आली. लॅमिनेट केलेली. मामांनी ती लेन्सपुढे धरली, वर बॅटरी मारली आणि नीट दिसावी म्हणून एक पाऊल पुढे आले. त्या पावलाखाली तिपाईचा पाय होता. ध्रुवतारा गेला. धूमकेतूही बाभळीत शिरला. सुटका व्हावी म्हणून मी त्यांना माझा नंबर दिला.

घरी येऊन रात्री दोनपर्यंत तेच बारा फोटो एकावर एक चढवत बसलो. ताऱ्यांवर जुळवावेत तर धूमकेतूचा फराटा, धूमकेतूवर जुळवावेत तर ताऱ्यांची शेव. शेवटी एक हिरवट ठिपका उरला. कार्बनचे दोन-दोन अणू उन्हात चमकतात, त्याचा हा हिरवा, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि शेवटच्या फोटोतला हा पांढरा चौकोन? हा छान आलाय."

आज सकाळी सात वाजता फोन.

"साहेब, उजाडलंय. आता नीट दिसंल. मशीन घिऊन या. थोरला भाऊबीजेला बहिणीकडं गेलाय."