पॅक्टल मेलेलं नाही, आणि सुडोही नको

‘पाइपवायर आल्यापासून पॅक्टल निकामी झालं. आवाज गेला की सुडो लावून ऑडिओ सर्व्हर रीस्टार्ट करा, आणि स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूपीसीटीएलने दाखवलेला स्पीकरचा आकडा टाका.’ लिनक्स वापरणाऱ्यांत हा सल्ला खूप फिरतो. (पाइपवायर हा आवाज सांभाळणारा ऑडिओ सर्व्हर, पॅक्टल आणि डब्ल्यूपीसीटीएल या टर्मिनलमधून आवाज हाताळायच्या आज्ञा, आणि सुडो म्हणजे रूटच्या, मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने आज्ञा चालवणं.) नवखी माणसं तो जसाच्या तसा टर्मिनलमध्ये उतरवतात, म्हणून हे लिहितो आहे.

पॅक्टल निकामी झालेलं नाही. फेडोरा या लिनक्सच्या ३४ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली, पल्सऑडिओ या जुन्या ऑडिओ सर्व्हरच्या जागी पाइपवायर आलं, तेव्हा पाइपवायर-पल्स ही सेवाही आली. ती पल्सऑडिओचीच भाषा बोलते, त्यामुळे पॅक्टलचं काही अडत नाही. ‘पॅक्टल इन्फो’ चालवून पाहा: सर्व्हरच्या नावात पल्सऑडिओ आणि पाइपवायर दोन्ही दिसतील. बंद पडलं ते पॅकमड, ही वेगळी आज्ञा. त्याला खुद्द पल्सऑडिओचा डीमन (मागे चालू राहणारा प्रोग्रॅम) लागतो, आणि तो आता चालू नसतो. नावं सारखी, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर फुटलं.

सुडोचा सल्ला मात्र खरंच त्रास देणारा आहे. डेस्कटॉपवरचा ऑडिओ सर्व्हर रूटचा नसतो, लॉगिन केलेल्या युजरचा असतो. त्याचं सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायचं दार, त्या युजरच्या रनटाइम फोल्डरमध्ये असतं. युजर क्रमांक १००० असेल तर ‘/रन/युजर/१०००’ खाली. सुडो लावलं की पॅक्टल सहसा रूटचा सर्व्हर शोधतं, तो सापडत नाही आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. ‘पॅक्टल मेलं’ ही समजूत बरेचदा इथूनच सुरू होते! ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून चालवलेली स्क्रिप्ट गप्प राहते तेही याच कारणाने: तिला त्या रनटाइम फोल्डरचा पत्ता सांगणारं ‘एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर’ मिळालेलं नसतं. ते स्क्रिप्टमध्ये स्वतः लिहून द्या. रीस्टार्ट करायचंच असेल तर सुडोशिवाय ‘सिस्टिमसीटीएल --युजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’ एवढं पुरतं.

राहिला आकडा. डब्ल्यूपीसीटीएल चांगलं साधन आहे, मीही रोज वापरतो. पण ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मधला ४७ किंवा ५२ कायमचा नसतो, यूएसबी हेडफोन काढून परत लावला की तो बदलू शकतो. आकड्याऐवजी ‘@डिफॉल्ट_ऑडिओ_सिंक@’ (म्हणजे सध्या निवडलेला स्पीकर) लिहा. आणि आवाज ‘५%+’ने वाढवणारी कळ बसवताना ‘-एल १.०’ ही कमाल मर्यादा जोडा, नाहीतर दाबत राहिल्यावर आवाज १०० टक्क्यांच्याही वर जातो.